आत्तीची स्ट्रॉ आणि घशातले दोन गोळे

वडगावला आत्तीच्या घरी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. हातात स्टीलचा उभा पेला, पेल्यात पाणी, पाण्यात साधी स्ट्रॉ, आणि स्ट्रॉचं वरचं टोक ओठांत धरून ती 'ऊऽऽऽ' करत होती. पाण्यात बुडबुडे आणि घशात घुमणारा आवाज. शेजारची पोरं खिडकीतून बघून हसून गेली होती. मला बघून म्हणाली, "दवाखान्यात सांगितलंय, दिवसातनं पाचदा करा म्हणून. का करायचं ते काय कुणी सांगितलं नाही. तू कॉम्प्युटरवाला न्हवं, तू सांग की."

आमच्याकडे आत्याला आत्तीच म्हणतात, आणि आत्तीला 'नंतर सांगतो' चालत नाही. खरं तर या प्रश्नाचं उत्तर कॉम्प्युटरमध्येच सापडतं, पण तिथे पोचायला जरा लांबून जावं लागतं.

वडगाव, शहापूर, खासबाग हा बेळगावातला विणकरांचा भाग. आत्तीची शाळा ज्या गल्लीत आहे तिथे दोन्ही बाजूंना माग. ते चालू असले की शेजारी बसलेल्यालाही ओरडून सांगावं लागतं. भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस न ठरवता आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 साली हे नोंदवलं आणि या सवयीला त्याचंच नाव पडलं. आत्तीला कुणी 'ओरडून शिकवा' असं सांगितलं नव्हतं. ती 28 वर्षं मागांच्या वरताण बोलत राहिली, आणि गेल्या दिवाळीनंतर आवाज बसला तो उठलाच नाही.

दवाखान्यात तोंडातून नळी घालून पडद्यावर घसा दाखवला, तेव्हा मी सोबत होतो. मोत्यासारख्या पांढऱ्या दोन घड्या, पुढे एकमेकींना चिकटलेल्या, मागे उघडणाऱ्या. इंग्रजी व्ही उलटा ठेवावा तशा. आत्तीने 'ई' म्हटलं आणि त्या घड्या वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारख्या सावकाश लाटा घेऊ लागल्या. हा सावकाशपणा मात्र खोटा. बाईमाणूस बोलतं तेव्हा या घड्या सेकंदाला 200 वेळा मिटतात-उघडतात, पुरुषाच्या सव्वाशेच्या आसपास, तान्ह्या बाळाच्या रडताना 400 च्या पुढे. डोळ्याला ते दिसणं शक्य नाही. म्हणून यंत्र त्याच वेगाच्या जवळपास, पण किंचित चुकवून, दिव्याची उघडझाप करतं. पंख्याची पाती कधीकधी ट्यूबलाइटखाली उलटी, संथ फिरताना दिसतात, तोच खेळ. दोन्ही घड्यांच्या कडेला, जिथे त्या सगळ्यात जोरात आपटतात तिथेच, समोरासमोर दोन बारीक गाठी होत्या. फावडं मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टा पडतो तसा घशाला पडलेला घट्टा.

आता मूळ गोष्ट. आपण 'स्वरतंतू' म्हणतो, आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते. आंत्वान फेरँ या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1741 साली मेलेल्या माणसा-जनावरांच्या स्वरयंत्रांत हवा फुंकून आवाज काढला आणि या घड्यांना तारांची उपमा दिली. उपमा इतकी चिकटली की अडीचशेहून जास्त वर्षांनीही आपल्या मनात सतारीच्या तारा येतात. घशात तार-बीर काही नाही. पुरुषात दीड-दोन सेंटिमीटर आणि बाईमाणसात त्याहून आखूड अशा मांसाच्या दोन जाड घड्या आहेत, वरून ओल्या नाजूक कातडीने मढवलेल्या. 'स्वरपट्ट्या' हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. गाणाऱ्यांची पट्टी वेगळी, काळी चार-पांढरी पाचवाली. तिच्याशी गल्लत करू नये म्हणजे झालं.

गळ्यावर बोट ठेवून, 'अ' न मिसळता, नुसतं 'स्‌स्‌स्‌' म्हणा. काही जाणवणार नाही. मग तसंच 'म्‌म्‌म्‌' म्हणा. बोटाला गुणगुण लागते, त्या पट्ट्या हलतायत. मग त्यांना हलवतं कोण? 1950 साली राउल ह्युसों या फ्रेंच संशोधकाने म्हटलं, मेंदू हलवतो, प्रत्येक हेलकाव्याला मज्जातंतूतून एक वेगळा इशारा जातो. वडगावच्या माणसाला हे लगेच पटेल, कारण यंत्रमाग तसाच चालतो: धोट्याला दर फेरीला एक नवा ठोसा. पण साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्या मारतो, आणि घसा तेवढ्या सेकंदाला. शिवाय डाव्या पट्टीकडे जाणारी मज्जातंतूची शीर छातीत उतरून, महाधमनीला वळसा घालून परत वर येते; उजवीपेक्षा बरीच लांब. इशाऱ्यांवर काम असतं तर दोन्ही पट्ट्या एका तालात आल्या नसत्या. आणि फेरँच्या टेबलावरच्या मेलेल्या स्वरयंत्राला कुठला मेंदू इशारा देत होता? 1958 मध्ये नेदरलँडचे यानविलेम फान देन बेर्ख यांनी आज मानली जाणारी गोष्ट नीट मांडली. मेंदू पट्ट्या जवळ आणतो, त्यांचा ताण ठरवतो, आणि बाजूला होतो. हलवायचं काम फुप्फुसातून येणारी हवा करते.

फुग्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं की तो किंचाळतो, तसंच. सौंदत्तीच्या यात्रेत पोरं दिवसभर हेच करतात.

तरी एक पेच राहतोच. फुप्फुसातली हवा एकसारख्या जोराने येते. एकसारख्या जोराने दार उघडेल आणि उघडंच राहील. सेकंदाला 200 वेळा उघडझाप कशी करेल? शाळेच्या पुस्तकी उत्तरात बर्नुलीचं नाव येतं: फटीतून हवा वेगाने गेली की दाब कमी होतो, पट्ट्या ओढल्या जातात, मिटल्या की दाब वाढतो, परत उघडतात. हे उत्तर अर्धंच आहे. पंचमीचा झोका आठवा. झोका पुढे जाताना मागून ढकललं तर तो चढतो. पण पुढे जाताना ढकललं आणि मागे येतानाही तेवढ्याच जोराने पुढेच ढकललं, तर येताना दिलेला धक्का जातानाच्या धक्क्याला खाऊन टाकतो. झोका चढत नाही, आणि दोराच्या घर्षणाने हळूहळू थांबतो. पट्ट्यांचंही तेच. उघडताना आणि मिटताना हवेचा दाब सारखाच राहिला तर हेलकावा विझणार. दाब जाताना वेगळा आणि येताना वेगळा असला तरच काम होतं. हा फरक आणतं कोण, एवढाच सगळा प्रश्न.

तो प्रश्न डोळ्यांनी सुटेना. मॅन्युएल गार्सिया या गाणं शिकवणाऱ्या मास्तरांनी 1854 साली दातांच्या डॉक्टरचा आरसा आणि ऊन वापरून स्वतःचा चालता घसा पाहिला होता. पण दाब आरशात दिसत नाही. मिलिमीटरभर फटीत, सेकंदाला शेकडो वेळा बदलणारा दाब मोजायला बोलत्या माणसाच्या घशात काही बसवायचं म्हटलं तर आधी उमासा येतो. तेव्हा बाहेर खोटा घसा बनवायचा, आकड्यांचा, आणि त्याच्यात काय काय घातलं की तो बोलतो ते बघायचं. मॉडेल म्हणजे एवढंच. कुणी पहिल्यांदा ऐकलं की त्याला वाटतं मॉडेल म्हणजे हुबेहूब नक्कल. तसं नसतं. मॉडेल करणाऱ्याची हुशारी काय गाळलं यात दिसते.

पहिल्यांदा जवळजवळ सगळंच गाळलं. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये 1968 साली फ्लॅनगन आणि लँडग्राफ यांनी प्रत्येक पट्टीच्या जागी एक गोळा धरला आणि तो एका स्प्रिंगने भिंतीला अडकवला. हा एकटा गोळा वर सांगितलेल्या झोक्यासारखाच अडला. एका सपाट गोळ्याला उघडतानाही तोच आकार, मिटतानाही तोच, मग दाबात फरक येणार कुठून? तो हलला तो फक्त वरच्या तोंडातल्या हवेच्या आधारावर. ही ओळ लक्षात ठेवा, आत्तीची स्ट्रॉ इथेच लपली आहे.

1972 मध्ये इशिझाका आणि फ्लॅनगन यांनी गोळ्याचे दोन केले, एक खाली, एक वर. दोघांना भिंतीकडून आपापली स्प्रिंग, आणि दोघांना एकमेकांशी जोडणारी तिसरी. शिवाय प्रत्येकाला एक अडवणूक: दार आपटू नये म्हणून त्यावर बसवतात त्या दट्ट्यासारखी, जी हेलकावा हळूहळू खाते. डावी-उजवी सारखीच धरली की झालं. एवढ्या सामानात घसा बोलू लागला. हवा खालून येते म्हणून खालचा गोळा आधी उघडतो आणि वरचा त्याच्या मागून. त्यामुळे उघडताना फट खाली रुंद आणि वर अरुंद, उलट्या धरलेल्या नरसाळ्यासारखी. अशा फटीत फुप्फुसाचा दाब आत साठतो आणि गोळ्यांना बाहेर ढकलतो. मिटतानाही खालचाच आधी मिटतो, वरचा अजून उघडा. आता नरसाळं सरळ झालं, फटीतला दाब उतरला, आणि स्प्रिंगांना गोळे आत ओढायला मोकळीक मिळाली. जाताना जास्त धक्का, येताना कमी. पंचमीचा झोका चढला. पडद्यावर आत्तीच्या पट्ट्यांवरून खालून वर सरकणारी लाट दिसली होती ना, ती हीच.

यातला आकडा एकदा हाताने करून बघण्यासारखा आहे. त्यांच्या मॉडेलमध्ये खालच्या गोळ्याचं वजन 0.125 ग्रॅम आणि वरच्याचं त्याच्या पाचवा हिस्सा, 0.025 ग्रॅम. खालच्याची स्प्रिंग मीटरला 80 न्यूटनची, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला साधारण 8 ग्रॅमचं वजन. शाळेतलं सूत्र लावा: 80 ला 0.000125 किलोने भागा, 6,40,000 आले. त्याचं वर्गमूळ 800. त्याला 6.28 ने भागलं की 127. सेकंदाला 127 हेलकावे, म्हणजे गल्लीतल्या कुठल्याही बाप्याचा बोलण्याचा आवाज. स्प्रिंगा ताठ करा आणि गोळे हलके करा, आवाज वर चढतो. पहिल्यांदा हे गणित सुटलं तेव्हा मी चहा गार होऊ दिला होता.

कॉम्प्युटर पुढे जे करतो ते कंटाळवाणं आहे. सेकंदाचे चाळीसेक हजार तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात बघायचं गोळे कुठे आहेत, फट किती, दाब किती, गोळ्यावर जोर किती. मग गोळे तेवढे सरकवायचे आणि पुढचा तुकडा. गोळे एकमेकांवर आपटले तर तेवढ्यापुरती जादा स्प्रिंग लावायची. साधा लॅपटॉप हे चुटकीसरशी करतो. हवा किती जोराने सोडायची हे आपण द्यायचं. बोलताना फुप्फुसातला दाब साधारण 5 ते 10 सेंटिमीटर पाण्याएवढा असतो. तो अनुभवायला उंच तांब्यात स्ट्रॉ 8 सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे निघतील इतकंच फुंका. बोलायला एवढासाच जोर लागतो. लागतो तो जोर, हवेचा साठा नव्हे. साठ्यावर फक्त ठरतं, एका दमात किती वेळ टिकायचं. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं, तरी ते पुढे गायलेच. ताना आखूड झाल्या, स्वर नाही.

मी हे मॉडेल लॅपटॉपवर चालवलं आणि आवाज ऐकला. जत्रेतल्या पिपाणीसारखा, कोरडा, बिनमाणसाचा. आत्ती म्हणाली, "ह्यो काय आवाज हाय?" तक्रार बरोबर होती. पट्ट्यांचा आवाज तेवढाच असतो. त्याचा आ, ई, ऊ वर घसा, जीभ आणि ओठ करतात. मोठ्या पुरुषात ही पोकळी साधारण 17 सेंटिमीटरची. पुढे लहान-मोठ्या नळ्यांची माळ जोडली तेव्हा पिपाणी 'आ' म्हणाली. 1972 च्या त्या शोधाचा हेतूही यंत्राला बोलतं करणं हाच होता. मोबाइलमधली आजची बोलणारी बाई मात्र या वाटेने आलेली नाही. तिच्या आत घसा नाही. तिने ढीगभर रेकॉर्डिंग ऐकून आवाजाची नक्कल शिकली आहे.

आपल्या भाषेला या मॉडेलमध्ये एक मजेशीर जागा आहे. घ, झ, ढ, ध, भ आणि त्याहून खास म्हणजे म्ह, न्ह, ल्ह. 'म्हैस' म्हणताना किंवा 'न्हाणीघर' म्हणताना पट्ट्या थरथरतात, पण पुरत्या मिटत नाहीत. थरथरीबरोबर हवा गळत राहते. मॉडेलमध्ये यासाठी एकच आकडा हलवायचा: हवा नसताना गोळ्यांमध्ये किती फट ठेवली आहे तो. फट जरा वाढवली की 'ब' चा 'भ' होऊ लागतो, जास्तच वाढवली की थरथर बंद पडून नुसती फुसफुस उरते. माझा चिकोडीचा कन्नड मित्र घाईत 'भात' ला 'बात' म्हणतो, कारण अस्सल कन्नड शब्दांत असे महाप्राण नसतातच, ते बहुतेक संस्कृतातून आलेले. त्याला हसण्याची सोय मात्र मला नाही. मी कन्नड बोलताना ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' ची जी वाट लावतो ती ऐकून त्याच्या घरचे उठून आत जातात.

दोन गोळ्यांवर लोक थांबले नाहीत. इंगो टिट्झ यांनी 1973-74 मध्येच सोळा गोळ्यांचं मॉडेल केलं. जपानचे मिनोरू हिरानो यांनी 1974 मध्ये दाखवलं की पट्टी ही एकजीव वस्तू नाही, तिचे पाच थर आहेत: वरच्या पातळ कातडीखाली खरवसासारखा लिबलिबीत थर, मग जास्त तंतूंचे दोन, आणि सगळ्यात आत स्नायू. लाट घेतो तो वरचा खरवस. आतलं मांस ताण धरतं. म्हणून 1995 मध्ये स्टोरी आणि टिट्झ यांनी दोन गोळ्यांच्या मागे तिसरा, जड गोळा ठेवला. त्याच वर्षी जर्मनीत श्टायनेके आणि हेर्त्सेल यांनी डावी-उजवी मुद्दाम वेगळी केली. एक बाजू ढिली झाली की काही अंतरापर्यंत दोन्ही पट्ट्या जमवून घेतात, आणि मग एका ठिकाणी अचानक ताल सुटतो, आवाज फाटतो. एका बाजूची शीर दुखावलेल्या माणसाचा आवाज असाच असतो. अशी पट्टी बाहेरून आधार देऊन मध्ये सरकवण्याची शस्त्रक्रिया जपानच्या इश्शिकी यांनी 1974 मध्ये मांडली. आता तर पट्टीचे हजारो बारीक तुकडे करून भोवतीच्या हवेसकट सोडवतात. त्याला मोठमोठे कॉम्प्युटर तासन्‌तास लागतात आणि हाती येतात सेकंदाच्या तुकड्यातले काही हेलकावे.

गाठींचं उत्तर या तुकड्यांच्या मॉडेलांत दिसतं. टक्करीचा जोर पट्टीच्या मधोमध सगळ्यात जास्त, आणि दाब चढवला की तोही चढतो. आत्तीच्या बाबतीत हिशोब करून बघा: शाळेच्या 35 मिनिटांच्या तासात 15 मिनिटं घसा खरोखर वाजला, सेकंदाला 200, तर एका तासाला 1,80,000 टकरा. सहा तास घेतले की दिवसाला दहा लाखांवर. मागांच्या वर आवाज चढवायचा म्हणजे प्रत्येक टक्कर जड. आणि पाणी प्यायला सांगतात ते पट्टी धुवायला नव्हे. प्यालेलं पाणी तिकडे जातच नाही, ते अन्ननलिकेत जातं. पण अंगात पाणी कमी पडलं की पट्टीवरचा ओलावा चिकट होतो, दट्ट्याची अडवणूक वाढते, आणि आवाज सुरू करायलाच जास्त दाब लागतो.

आता स्ट्रॉ. पहिला, बाद झालेला, एकटा गोळा आठवा. तो हलत होता तो वरच्या हवेच्या आधारावर. नळीतल्या हवेला वजन असतं, ती लगेच निघत नाही आणि लगेच थांबतही नाही. पट्ट्या उघडतात तेव्हा ही हवा अजून निघालेली नसते, म्हणून दाब साठून पट्ट्यांना बाहेर ढकलतो. पट्ट्या मिटतात तेव्हा ती अजून पुढे धावत असते, म्हणून मागे ओढ तयार होते आणि पट्ट्या आत येतात. जाताना ढकल, येताना ओढ. पुन्हा तोच झोका. नळी जितकी लांब आणि अरुंद, तितका हा आधार मोठा. स्ट्रॉने आत्तीचा घसा तेवढा लांबतो आणि ओठांशी अरुंद होतो. त्यात पाण्याचा उलटा दाब पट्ट्यांना किंचित दूर ठेवतो, म्हणजे आवाज निघतो पण आपटणं हलकं होतं. गाठी असलेल्या घशाला एवढंच हवं असतं: न आपटता हलण्याची सवय.

मी हे सगळं ओट्यापाशी उभं राहून सांगितलं, पेल्याच्या पाण्यात बोट घालून नरसाळंही काढून दाखवलं. आत्तीने ऐकून घेतलं, आणि स्ट्रॉ परत ओठांत धरण्याआधी विचारलं, "मग दोन स्ट्रॉ एकात एक घातल्या तर लौकर बरं होईल काय?"

मी लॅपटॉप उघडला. नळीची लांबी दुप्पट केली. गोळे कमी दाबावरच हलू लागले. पण तिच्या घशाला ते झेपेल का हे मॉडेलला माहीत नव्हतं, म्हणून पुढच्या तारखेला दवाखान्यात तोच प्रश्न घेऊन जायचं ठरलं आहे. तोवर एकच स्ट्रॉ, दिवसातनं पाचदा.